मुद्दा अजून यायचाय

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट चारात बसवलेली नाही. देवाने दिशा चार केल्या, खाटेला खूर चार लावले, आणि लेझमीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत साऱ्या जगाला एक-दोन-तीन-चार शिकवलं. पण मामांच्या वेळी त्याचा हिशेब कुठेतरी सांडला. मामा चालतात सातात, जिना उतरतात पाचात, आणि चहात साखर ढवळतात तीही सात वेळा. चुकून आठव्यांदा चमचा फिरलाच, तर पुढची सहा वळणंही इमानाने पूर्ण करतात, मग चहा गार झाला तरी बेहत्तर. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या लालबागच्या खोलीत गेलो, तेव्हा मामा खिडकीशी बसून बोटांनी मांडीवर काहीतरी मोजत होते. मोजता मोजता मध्येच दचकायचे, हसायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी हळूच बायकोला, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या बायकोला, विचारलं, "यांना काही त्रास आहे का?" ती म्हणाली, "आहे. प्रोग्रेसिव्ह रॉक." मी गंभीरपणे मान हलवली आणि औषध वेळेवर घेतात ना, अशी चौकशी केली. ते एका इंग्रजी संगीतप्रकाराचं नाव निघालं, आणि या घराण्यात माझी अक्कल निघायला तिथून सुरुवात झाली.

नोकरीत असताना मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दिवसभर परळ-लालबागच्या दुकानांतून हिंडून तराजू तपासायचे, किलोमागे दहा ग्रॅम कमी भरले की नोटीस, आणि संध्याकाळी घरी येऊन साडेसहा मात्रांचा ताल धरायचा, असा त्यांचा दिनक्रम. त्यांच्याच चाळीखाली दुकान थाटलेल्या वाण्याने एकदा त्यांना अडवलं होतं. "साहेब, माझं माप कमी म्हणता. काल वरून तुमची गिटार ऐकली. अर्धी मात्रा कोणी खाल्ली?" मामा शांतपणे म्हणाले, "पुढच्या आवर्तनात परत देतो. तू देतोस काय?" वाण्याने दंड भरला आणि दुसऱ्या दिवशी पोराला त्यांच्याकडे गिटार शिकायला पाठवलं. तो पोरगा तीन महिन्यांत गिटार सोडून गेला. पण त्याला दुकानात अजून सुटे पैसे मोजता येत नाहीत असं ऐकतो.

तरुणपणी मामांचा बँड होता. नाव 'इन्फिनिट फणस'. चौघं पोरं, चौघांची मुळं कोकणात, चौघांचे केस खांद्यापर्यंत. चाळीतले लोक त्यांना 'फणसवाले' म्हणायचे आणि आंब्याच्या दिवसांत खरंच गऱ्यांची चौकशी करायला यायचे. बँड फुटला तो भांडणाने नाही, गाण्याच्या लांबीने. मामांची गाणी इतकी लांबलचक असत, की एका गाण्याच्या सुरुवातीच्या आलापात ड्रमरचं लग्न ठरलं, मधल्या भागात कीबोर्डवाल्याला आखातात नोकरी लागली आणि गाणाऱ्याचं तोंड उघडायची वेळ आली तोपर्यंत त्याचा आवाजच बसला होता. उरले मामा. मग एकट्याने त्यांनी जे मिळेल ते वाजवलं. गिरगावातल्या चर्चमधल्या लग्नांत वाजवलं, परळच्या भजनी मंडळात वाजवलं, ऑर्केस्ट्रात वाजवलं, दशावताराच्या नाटकात संकासुराच्या एंट्रीला वाजवलं. तुम्ही आयुष्यात कधी अगरबत्तीची, मसाल्याची नाहीतर बनियनची जाहिरात रेडिओवर ऐकली असेल, तर तुम्ही मामांना ऐकलंय. ज्या माणसाला 'नमस्कार' म्हणायला अर्धा तास लागतो, त्याला वाजवण्याचे पैसे मिळाले ते दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांचे, हा देवाचा विनोद मामांना मात्र कधी खुपला नाही. "दहा सेकंदांत सात मात्रा आरामात बसतात," म्हणायचे. "बनियनवाल्याला कळलंसुद्धा नाही."

आणि हात असा, की ज्या घरात जाईल तिथलं पाणी पिऊन येईल. सकाळी चर्चमध्ये इतकं हळुवार वाजवतील, की नवरीच्या आत्या हातरुमाल बदलतील. दुपारी तीच गिटार मांडीवर आडवी टाकून, तारांवरून मामींची आमटीची वाटी फिरवून सारंगीसारखी रडवतील. संध्याकाळी भजनात बसले की शेजारचा पखवाजवाला डोळे मिटून "वा बुवा" म्हणेल आणि डोळे उघडल्यावर गिटार बघून जीभ चावेल. एका लग्नात सनईची टेप अडकली, तेव्हा अंतरपाट धरलेला असतानाच मामांनी गिटारवर सनई वाजवली आणि मुलाच्या आजीने पाकीट द्यायला सनईवाल्याला मांडवभर शोधलं. फक्त एका ठिकाणी हा हात चालला नाही, तो म्हणजे हळदीत. नायगावला एका हळदीला बेंजो पार्टीचा एक वाजवणारा आला नाही म्हणून मामांना उभं केलं. मामांनी सुरुवात सरळ केली. मग कुठेतरी त्यांच्यातला फणस पिकला आणि त्यांनी गाणं अकरा मात्रांवर नेलं. नाचणाऱ्यांना काय झालं ते कळेना. दर फेरीला प्रत्येकाचा एक पाय उरायला लागला. नवऱ्याचे काका तो उरलेला पाय हवेत धरून "आता ह्याचं काय करू?" अशा नजरेने माझ्याकडे बघत होते. मी, जावईपणाच्या अधिकाराने, त्यांना म्हणालो, "ठेवा खाली, पुढच्या वेळी लागेल." त्यांनी ठेवला, तो शेजाऱ्याच्या पायावर. पुढचं मी सांगत नाही. हळद लागली ती नवऱ्याला कमी आणि मुक्या माराला जास्त.

मामांची गिटारीखालची दुनिया वेगळीच आहे. गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाने दाबायच्या डब्या असतात ना, त्या मामांनी मामींच्या माहेरून आलेल्या जेवायच्या पाटावर ठोकून बसवल्यात. डब्यांवर इंग्रजीत बारीक लिहिलेलं मामांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मामींनी एका दुपारी सगळ्या डब्या ऐकून घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या बरण्यांना लावतात तशा चिकटपट्ट्यांवर मराठीत नावं लिहून टाकली. आवाज फाडणारी डबी 'तिखट'. आवाज घुमवणारी 'देऊळ'. एकाचे चार आवाज करणारी 'भजन'. आणि आत्ता वाजवलेला सूर थोड्या वेळाने आपोआप परत आणणारी जी डबी आहे, तिच्यावर मामींनी लिहिलंय 'शिळं'. मी एकदा म्हणालो, "मामी, 'प्रतिध्वनी' असा शुद्ध शब्द आहे." मामी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "कालचा आज वाढला तर तुम्ही तेका काय म्हणतास?" आमच्या घरी आदल्या दिवशीचं वाढतात, पण त्याला आम्ही काही म्हणत नाही.

या सगळ्या पसाऱ्यात मामांचं स्वतःचं असं एकच वाजवणं होतं. त्याचं नाव 'घाट'. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ते बसवलं. मुंबईहून एसटीने गावाला जायचं, एवढीच त्याची गोष्ट. पहिला भाग म्हणजे गाडी निघते, पनवेल जातं, घाट लागतो. मामांचा उजवा पाय 'तिखटा'वर असतो, वळणं पाचात, चढ सातात, कुणालातरी ओकारी होते ती तेरात, आणि ऐकणाऱ्याने समोरची खुर्ची घट्ट धरलेली असते. मग ऐन घाटात गाडी चहापाण्याला थांबते. इंजिन बंद. इथे मामा दोन्ही हात मांडीवर ठेवतात आणि चांगला मिनिटभर काहीही वाजवत नाहीत. "काही नाही कसं?" ते एकदा माझ्यावर चिडले होते. "ड्रायव्हर चहा पितो. कंडक्टर भजी खातो. कोणतरी पोराला घेऊन झाडामागे गेलंय. सगळं चालू आहे. तुमका ऐकाक येत नाय, तेका मी काय करू?" त्या थांब्यानंतर दुसरा भाग, म्हणजे घाट उतरून गावापर्यंतचा. आणि तिथेच सगळी गोम होती. चाळीस वर्षांत तो दुसरा भाग लोकांपुढे कधी वाजलाच नव्हता.

कारण साधं होतं. गाडी थांबली की लोक टाळ्या वाजवायचे. इतका वेळ खुर्ची धरून बसलेल्या माणसाला सुटका झाल्यासारखी वाटते, तो टाळी वाजवतो, आणि आपल्याकडे टाळी पडली की निवेदक आपोआप उगवतो. कॉलेजच्या संमेलनात थांब्यावर प्राचार्य आभार मानायला उठले. एका साखरपुड्यात थांब्यावर मामांच्या हातात गुच्छ दिला, त्यामुळे हातच बांधले गेले. एका सोसायटीच्या वर्धापनदिनी तर थांब्यावर राष्ट्रगीत सुरू झालं आणि मामांना गिटारसकट उभं राहावं लागलं. आणि आमच्या लग्नाच्या स्वागत समारंभात, परळच्या हॉलमध्ये, थांब्यावर पहिली टाळी वाजवली ती कोणी, तर नवरदेवाने. सासरच्यांवर छाप पडावी म्हणून मी ती टाळी अशी कडकडून वाजवली, की केटररला तो इशारा वाटला. त्याने झाकणं उघडली आणि पाहुणे उठले. बासुंदीपुढे कोकणाकडे कोण जाणार? मामांनी तारा छेडायचं पिक खिशात घातलं, तारांवरून फडकं फिरवलं आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "जावईबापू, गाडी घाटात सोडून जेवायला चाललात. चला." त्या दिवसापासून ते मला 'टाळीवाले' म्हणतात. फोनवरसुद्धा. "काय टाळीवाले, बरे आहात?"

तरी दर कार्यक्रमाआधी मामा गाऱ्हाणं घालायचे. गावच्या देवाला घालतात तसंच, फक्त समोर देवाच्या जागी ॲम्प्लिफायर. "बा देवा म्हाराजा, आज तरी ह्या गाडयेक खंय अडथळो येवक नको. सगळ्यांका सुखरूप गावाक पोचय रे म्हाराजा." आणि पहिल्या रांगेतून मामी म्हणायच्या, "व्हय म्हाराजा." मग घाट, मग थांबा, मग टाळ्या. मिनिटभराच्या शांततेत देवही बहुधा उठून जात असावा.

गेल्या वर्षी मामी आमच्याकडे दादरला आल्या आणि चहा न घेताच म्हणाल्या, "ह्यांची करंगळी वळत नाय हल्ली." डाव्या हाताची. डॉक्टर म्हणाले होते की झिजलंय, वाढत जाणार. घाटाच्या दुसऱ्या भागात एक लांबचा सूर आहे, गाव दिसतं तिथला, आणि तो फक्त करंगळी ताणूनच लागतो. "घरात रोज वाजवतत," मामी म्हणाल्या. "दार लावून. पण गाडयेत माणसां नसली तर ती गाडी कसली?" पदराने चष्मा पुसला आणि मग चहा मागितला.

आता मी आमच्या वाचनालयाचा कार्यवाह आहे. दादरच्या जुन्या इमारतीत आमचं सभागृह आहे, तिथे महिन्यातून एक व्याख्यान होतं, आणि त्याला ठरावीक पांढऱ्या केसांची मंडळी गेली कित्येक वर्षं ठरावीक खुर्च्यांवर बसतात. ठरवलं, मामांनी इथे वाजवायचं. समितीपुढे विषय मांडला. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. फलकावर इंग्रजी शब्द दिसला की त्यांचा रक्तदाब वाढतो.

"प्रोग्रेसिव्ह म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"पुरोगामी," मी म्हणालो. भाषांतर करायला मला कायमच आवडतं.

"मग तसं लिहा की. आणि रॉक?"

"खडक. पाषाण."

"पुरोगामी पाषाणवादन," खजिनदार चवीने म्हणाले. "म्हणजे जलतरंगासारखं काही असतं का? दगडांवर?"

बरीच चर्चा झाली. शेवटी पाषाण गाळायचा आणि पुरोगामी ठेवायचा असं ठरलं. मी मजकूर केला, 'ज्येष्ठ पुरोगामी वादन', आणि माझ्याच मराठीवर खूश होऊन फ्लेक्सवाल्याला पाठवला. फ्लेक्स आला तो भिंतीपेक्षा लांब. शिपायाने तो जमेल तसा ताणला आणि उरलेला कडेला खांबामागे वळवला. त्या वळणात शेवटचा 'न' गेला. गिटारचं चित्र त्याच बाजूला होतं, तेही गेलं. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन दिवस जे दिसत होतं ते असं: 'ज्येष्ठ पुरोगामी वाद'.

वाद म्हटल्यावर दादरमध्ये काय होणार? सभागृह भरलं. मी दारात उभा राहून या गर्दीचं श्रेय मनातल्या मनात माझ्या शब्दकळेला देत होतो. ठरावीक मंडळी तर होतीच, शिवाय वरळीहून दोघं आले होते, अँटॉप हिलहून एक निवृत्त सरकारी अधिकारी कागदावर मुद्दे काढून आले होते. मग मी सहज बाहेर चक्कर मारायला गेलो आणि फ्लेक्स पाहिला. पळत आत आलो, तर समितीत ठरलेलं विसरून, फलकावरचा वादच खरा धरून अध्यक्षांनी माईक हातात घेतला होता. "आजचे वक्ते," ते म्हणत होते, "यांनी उभं आयुष्य रूढ चौकटी मोडण्यात घालवलं."

मामा मान डोलवत होते. त्यांना त्यात चूक काहीच वाटत नव्हती, आणि खरं सांगायचं तर नव्हतीही.

मग मामा उठले, ॲम्प्लिफायरपुढे उभे राहिले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. माईक चालू होता. "सगळ्यांका सुखरूप गावाक पोचय रे म्हाराजा" हे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, आणि पाठोपाठ मामींचं "व्हय म्हाराजा" सुद्धा. अध्यक्षांच्या भुवया टकलाच्या मध्यापर्यंत सरकल्या. अँटॉप हिलचे अधिकारी ताडकन उभे राहिले.

"एक मूलभूत प्रश्न. आपण देव मानता?"

मामांनी पट्टा खांद्यावर घेतला. "देव मानतो," ते म्हणाले. "सम मानत नाही."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. शेजारच्याने वाकून पाहिलं आणि त्यानेही लिहून घेतलं. सभागृहात एक समाधानाची कुजबुज पसरली. वक्ता अवघड आहे, म्हणजे चांगला आहे. आणि मामांनी 'तिखट' दाबलं.

पुढच्या पंधरा मिनिटांबद्दल एवढंच सांगतो, की आमच्या सभागृहाच्या छताचे पोपडे त्यापूर्वी कुठल्याही विचारवंताने पाडले नव्हते. पण कुणी हललं नाही. व्याख्यानाला आयुष्य घालवलेली माणसं ती. न कळणं हा त्यांना उठून जाण्याचा मुद्दा कधीच वाटलेला नाही. पाचाची वळणं गेली, साताचा चढ गेला, आणि गाडी थांबली. मामांनी हात मांडीवर ठेवले.

मी माझे दोन्ही तळहात खुर्चीवर ठेवले आणि त्यांच्यावर बसलो. सरळ वजन टाकून बसलो. वरळीच्या एका पाहुण्याचे हात वर यायला लागलेले मला दिसले. अंतर एवढं, की मी काही करू शकत नव्हतो. तेवढ्यात मामांचा घसा कोरडा पडला असावा, त्यांनी शेजारच्या टेबलावरचं फुलपात्र उचललं आणि एक घोट घेतला. पाहुण्याच्या पलीकडे आमचे सगळ्यांत जुने सभासद बसले होते, नव्वदीला टेकलेले. त्यांनी पाहुण्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पाणी पितायत," ते कुजबुजले. "मुद्दा अजून यायचाय."

पाहुण्याचे हात खाली गेले. सभागृह तसंच बसून राहिलं. वक्ता थांबला म्हणजे संपला असं नसतं, 'धन्यवाद' म्हणेपर्यंत व्याख्यान चालूच असतं, ही त्या मंडळींची जन्माची शिस्त. ड्रायव्हरने चहा प्याला, कंडक्टरने भजी खाल्ली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी गाडीतून उतरून गेलं नाही.

घोटाळा झाला तो मामांचा. सवयीने त्यांनी पिक खिशात घालून टाकलं होतं. फडकं हातात घेतलं होतं. टाळ्यांसाठी अर्धे उठलेही होते. टाळ्या येईनात म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर दोनशे डोळे त्यांच्याकडे लागलेले. मामा तसेच अर्धवट उभे, फडकं हातात, एखाद्या स्टॉपवर आपण एकटेच उतरलोय की काय अशा चेहऱ्याने. त्यांना काय करायचं ते खरंच सुचत नव्हतं. पहिल्या रांगेतून मामी हळू आवाजात, अगदी कंडक्टरसारख्या म्हणाल्या, "फुडे चला."

मामा बसले. या खिशात, त्या खिशात करत पिक सापडलं. आणि गाडी घाट उतरायला लागली.

मला त्या संगीतातलं काही कळत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. पण उतार कळला. 'तिखटा'वरचा पाय निघाला होता. हळूहळू हवा बदलावी तसे सूर ओले झाले, ताल तर इतका सैल की मोजावंसं वाटेना. एका ठिकाणी गिटारवर कोंबड्यासारखं काहीतरी झालं आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, आपलंच काही आठवल्यासारखं. मग तो करंगळीचा सूर आला. मामींनी माझ्या बायकोचा हात धरलेला मला दिसला. मामांनी बोट ताणलं. बोट मध्येच थरथरलं आणि नाही पोचलं. एक क्षण नुसती तार खरखरली. मामांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. त्यांनी पायाने 'शिळं' दाबून ठेवलं, आणि त्या सुराच्या थोडा अलीकडचा, आत्ताच मागे पडलेला तुकडा फिरून फिरून येत राहिला, पुन्हा आणि पुन्हा, दर वेळी थोडा विरलेला. गाव दिसलं की नाही मला सांगता येणार नाही. पण इतका वेळ जवळ येत राहिलं, की पुरलं.

शेवटी मामांनी अंगठ्याने एक जाड तार हलकेच सोडली. पिशवी ओटीवर ठेवावी तशी.

कुणीही टाळी वाजवली नाही. 'धन्यवाद' झालं नव्हतं ना. शंभर माणसं मुद्द्याची वाट बघत बसली होती, अधिकाऱ्यांनी पेन उघडून ठेवलं होतं, पंख्यांचा आवाज येत होता. पहिली टाळी वाजवायचा पिढीजात मान माझा, पण माझे हात माझ्याखाली बधिर होऊन पडले होते. मला ते बाहेरच काढता येईनात. त्या शांततेत मामींनी एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, "पोचलंव एकदाचे." एवढ्या साध्या आवाजात, की जणू आता उठून पाण्याला चूल पेटवणार. मामा हसले. तरी टाळ्या नाहीतच. मग अध्यक्ष उठले, विचारप्रवर्तक मांडणीबद्दल वक्त्यांचे आभार मानले आणि अल्पोपहाराची घोषणा केली. तेव्हा झाल्या टाळ्या, त्या बटाटेवड्याच्या. नव्वदीचे सभासद काठी टेकत मामांपाशी आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "गावी कोण असतं आता?" मामा म्हणाले, "कोण नाय." म्हातारबुवांनी मान हलवली आणि वड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

त्यानंतर मामांनी गिटार लोकांपुढे धरलेली नाही. पाटावरच्या डब्या मामींनी पुसून कपाटावर ठेवल्यात. मामा मागत नाहीत आणि मामी काढत नाहीत. परवा दोघं आमच्याकडे आले होते. मामांनी फोनवर आधी सांगितलं होतंच, "टाळीवाले, चहा ठेवा." चहा आला. मामांनी साखर घातली आणि ढवळायला लागले. मी, आणि मला वाटतं मामीही, न ठरवता मोजत होतो. एक, दोन, तीन, चार. आणि मामा थांबले. खिडकीबाहेर बघत बसले.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर आलं होतं की मामा, चारात कसं बसवलंत. एरवी मी बोललोच असतो; असल्या जागा मी कधी सोडल्या नाहीत. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकलो आहे. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसून राहिलो. चमचा अजून कपातच होता.